मोरोक्कन मिठाई घरच्या स्वयंपाकघरात: बदामाचे सारण, काब एल गझाल आणि शेबाकिया

फेस किंवा तेतुआन येथील एखाद्या लग्नघरात पाहुण्यांपुढे येणारी मिठाईची परात पाहिली की एवढे प्रकार घरी कसे करतात, असा प्रश्न पडतो. प्रत्यक्षात त्यांतील बरेचसे प्रकार एकाच बदामाच्या सारणातून निघतात. हे सारण मैद्याच्या पातळ पारीत भरून चंद्रकोरीसारखे वळले की त्याला काब एल गझाल म्हणतात, वर्का नावाच्या कागदासारख्या पापुद्र्यात त्रिकोणी घडी घालून तळले की ब्रिवात होतात, आणि त्याच पापुद्र्यात लांब सुरळी करून ती वेटोळ्यासारखी गुंडाळली की म्हन्शा तयार होते. म्हणून या लेखात सर्वाधिक जागा सारणाला दिली आहे. ते एकदा हाताला साधले की पुढची कामे निव्वळ घडीची आणि आचेची उरतात. शेबाकियाचे कूळ मात्र वेगळे आहे. त्यात तीळ, तळण आणि मध यांचा कारभार असल्यामुळे त्याची कृती शेवटी स्वतंत्रपणे दिली आहे.

सामग्रीची निवड

बदाम सालासकट आणावेत आणि घरीच सोलावेत. बाजारात सोललेल्या बदामांची तयार पूड मिळते, परंतु ती कोरडी असते. तिचे सारण कितीही मळले तरी रवाळच राहते आणि पारीत भरताना तुटते. मोरोक्कोत अँटी-अ‍ॅटलास डोंगरातील ताफ्राऊत परिसर बदामासाठी प्रसिद्ध आहे आणि तेथील बदाम लहान, तेलकट व गोड असतात. आपल्याला मिळतील त्यांपैकी जाड, भरीव आणि कुबट वास नसलेले बदाम घ्यावेत. एक बदाम चावून पाहिल्याशिवाय अर्धा किलो विकत घेऊ नये, कारण खवट बदामाचा वास कोणत्याही सुगंधी पाण्याने झाकला जात नाही. चवीला किंचित कडवटपणा यावा म्हणून काही जुन्या कृतींमध्ये थोडे कडू बदाम घालतात. कच्च्या कडू बदामांतून सायनाइड निर्माण होत असल्यामुळे घरी हा प्रयोग करू नये.

दुसरा आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक घटक म्हणजे नारिंगाच्या फुलांचे पाणी. मोरोक्कन लोक त्याला झहर म्हणतात. वसंत ऋतूत कडू नारिंगाची झाडे पांढऱ्या फुलांनी भरली की फेस, माराकेश आणि इतरत्र अनेक घरांत तांब्याची कत्तारा, म्हणजे अर्क काढण्याची भट्टी, चुलीवर चढते आणि वर्षभर पुरेल एवढे पाणी बाटल्यांत भरून ठेवले जाते. विकतची बाटली घेताना तिच्यावर फुलांपासून ऊर्ध्वपातनाने काढलेले पाणी असा उल्लेख आहे ना, हे पाहावे. कृत्रिम इसेन्स असेल तर तो याच्या कित्येक पट तीव्र असतो आणि चमच्याने घातल्यास सारणाला साबणासारखी चव येते. गुलाबपाणी हा पर्याय वाईट नाही. दादेस खोऱ्यातील केलात म्गूना येथील गुलाब प्रसिद्धच आहेत. तरीही गुलाबाने केलेले काब हा वेगळाच पदार्थ होतो, म्हणून पहिल्या खेपेला झहरच मिळवावे.

तिसरा जिन्नस म्हणजे रुमी मस्तकी. ग्रीसमधील खिओस बेटावरील झुडपांच्या चिकापासून हे फिकट पिवळे दाणे मिळतात आणि मोरोक्कोत त्यांना मेस्का होर्रा म्हणतात. अर्धा किलो बदामांसाठी मसुरीएवढे दोनच दाणे पुरतात, कारण अधिक घातल्यास सारणाला औषधी चव येते. मस्तकी खलात घातली की उष्णतेने मऊ होऊन बत्त्याला चिकटते, म्हणून दाणे अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून चमचाभर साखरेसह कुटावेत. मस्तकी मिळाली नाही तर ती सरळ वगळावी. तिच्या जागी वेलची किंवा जायफळ घालण्याचा मोह टाळावा, कारण या सारणात झहर आणि दालचिनी यांच्यावर कुरघोडी करणारा सुगंध नको असतो.

बदामाचे सारण

पुढील प्रमाणात सुमारे 850 ग्रॅम सारण होते. त्याचे निम्मे काब एल गझालसाठी आणि निम्मे ब्रिवात किंवा म्हन्शासाठी वापरता येते. त्यासाठी 500 ग्रॅम बदाम, 225 ग्रॅम साखर, 60 ग्रॅम मऊ बिनमिठाचे लोणी, 60 ते 70 मिलिलिटर झहर, एक लहान चमचा दालचिनीची पूड, वर सांगितलेली मस्तकी आणि चिमूटभर मीठ घ्यावे. साखरेचे हे प्रमाण काहींना कमी वाटेल. परंतु ही मिठाई पुदिन्याच्या चहाबरोबर खातात आणि तो चहा स्वतःच इतका गोड असतो की सारण त्याहून गोड केल्यास दोहोंपैकी कशाचीच चव लागत नाही.

उकळत्या पाण्यात बदाम टाकून दोन मिनिटे ठेवावेत, चाळणीत ओतून लगेच गार पाण्याखाली धरावेत आणि दोन बोटांत दाबून साल काढावी. बदाम उकळत्या पाण्यात अधिक वेळ राहिले तर ते पाणी पितात आणि पुढचे सगळे हिशेब चुकतात. सोललेले बदाम स्वच्छ कापडावर पसरून तासभर वाळू द्यावेत. ते वरून कोरडे पण आतून किंचित ओलसर असावेत. पूर्ण सुकलेले बदाम दळताना पूड होते, आणि आपल्याला हवा आहे तो लगदा.

मोरोक्कन घरांत बदाम आणि साखर हाताने फिरवायच्या खिमा यंत्रातून दोनदा काढण्याची पद्धत आहे आणि तिच्यामुळे येणारा पोत खरोखर सर्वोत्तम असतो. मिक्सर वापरायचा असल्यास बदामांचे चार भाग करावेत, प्रत्येक भागात साखरेचा चौथा हिस्सा घालावा आणि भांडे सलग न फिरवता थांबत थांबत फिरवावे. साखर सुटणारे तेल धरून ठेवते. सलग फिरवल्यास भांडे तापते, तेल वेगळे होते आणि सारणाऐवजी बदामाचे लोणी हाती येते. मिश्रण चिमटीत दाबले असता गोळी वळली जाईल आणि जिभेवर कण जेमतेम जाणवतील, एवढे बारीक झाले की थांबावे.

यानंतर सगळे मिश्रण परातीत काढून त्यात दालचिनी, मस्तकी, मीठ आणि लोणी घालावे आणि तळहाताच्या टाचेने मळावे. झहर मात्र एकदम ओतू नये. माझी पहिली खेप नेमकी येथेच फसली. कृतीत लिहिलेले सगळे पाणी एका दमात घातले, सारण परातीत मऊ व लुसलुशीत दिसले म्हणून समाधान वाटले, आणि भट्टीत गेल्यावर त्या पाण्याची वाफ होऊन निम्म्या चंद्रकोरींची शिवण उसवली. तेव्हापासून मी प्रथम 40 मिलिलिटर घालते, मळते, दहा मिनिटे थांबते आणि मगच पुढचे पाणी चमच्याचमच्याने देते. सारणाची बोटाएवढी वळी करून ती टोकाकडून उचलली असता न तुटता किंचित वाकली, तर पाणी पुरेसे झाले असे समजावे. ती लोंबकळली, तर पाणी जास्त झाले आहे. अशा वेळी थोडे बदाम साखरेसह दळून मिसळावेत. मैदा मिसळून सारण घट्ट करण्याचा उपाय सोपा असला तरी चव बिघडवतो.

तयार सारण झाकून निदान दोन तास, शक्य असल्यास रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. झहरचा पहिला उग्रपणा या वेळात ओसरतो आणि वास बदामात मुरतो.

काब एल गझाल

या नावाविषयी एक गंमत सांगण्याजोगी आहे. अरबीत काब म्हणजे घोटा किंवा टाच, म्हणजे मूळ नावाचा अर्थ हरणाचा घोटा असा होतो. 1912 ते 1956 या काळात मोरोक्कोवर फ्रान्सचे संरक्षित राज्य होते. फ्रेंचांनी या मिठाईच्या वळणाकडे पाहून तिला हरणाची शिंगे म्हटले आणि जगभर तेच नाव रूढ झाले. घडवताना घोट्याची कल्पना अधिक उपयोगी पडते, कारण मध्यभागी गोलाई भरदार आणि टोके निमुळती हवीत, आणि शिंग डोळ्यांपुढे ठेवले की माणूस सगळीच वळी सारख्या जाडीची करून ठेवतो.

पारीसाठी 200 ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि 50 ग्रॅम वितळलेले लोणी घ्यावे. लोण्याचे मोहन मैद्याला दोन्ही हातांनी चोळून लावावे आणि नंतर निम्मे झहर व निम्मे साधे पाणी असे सुमारे 80 ते 90 मिलिलिटर मिश्रण थोडे थोडे घालत पीठ भिजवावे. काही जण यात अंडे घालतात. त्याने पारी लाटायला सोपी जाते, परंतु थोडी कडक होते, म्हणून मी ते घालत नाही. पीठ पंधरा मिनिटे तरी तिंबावे. ही पारी कमालीची पातळ लाटायची असल्यामुळे पीठ ताणले असता न फाटता पडद्यासारखे पसरले पाहिजे. तिंबून झाल्यावर दोन गोळे करावेत, झाकावेत आणि निदान अर्धा तास विसावू द्यावेत.

तोवर निम्म्या सारणाच्या साधारण 16 ग्रॅमच्या सव्वीस वळ्या कराव्यात. तळहाताला किंचित झहर लावून वळी फिरवावी आणि दोन्ही टोकांवर बोटांचा दाब वाढवावा, म्हणजे मधला भाग आपोआप फुगीर राहतो. वळीची लांबी सुमारे सात सेंटिमीटर असावी.

आता एक काब प्रत्यक्ष घडवून पाहू. पिठाचा एक गोळा लाटून सुमारे दहा सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी करावी. ती इतकी पातळ हवी की खाली हात धरला तर बोटांची सावली दिसावी. पट्टीच्या आपल्याकडील कडेपासून तीन सेंटिमीटर आत वळी आडवी ठेवावी आणि जवळची कड उचलून तिच्यावरून पलीकडे घालावी. वळीच्या पलीकडच्या बाजूला दोन्ही थर बोटाच्या पेराने दाबून चिकटवावेत आणि हवा टोकांकडून बाहेर काढावी, कारण आत अडकलेला हवेचा बुडबुडा भट्टीत हमखास फुटतो. मग वळीच्या पाठीवर, म्हणजे घडीच्या बाजूने, दोन्ही अंगठे ठेवून मध्यभागी हळूच पुढे ढकलावे व टोके आपल्याकडे ओढावीत, म्हणजे शिवण बाहेरच्या वळणावर येते आणि चंद्रकोर उभी राहते. दातेरी कातण्याने शिवणीलगत, जेमतेम दोन मिलिमीटर पारी सोडून, वळणदार काप द्यावा. शेवटी चंद्रकोर दोन बोटांत उभी धरून वरची कड किंचित चिमटली की तिला कण्यासारखी धार येते. फेसमधील सुगरणी ही धार पाहूनच घडवणाऱ्या हाताची पारख करतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. पहिल्या पाचसहा चंद्रकोरी वाकड्या होतील, आणि त्या घरच्यांनी खाव्यात.

प्रत्येक काबला बारीक सुईने किंवा दातकोरणीने चारपाच ठिकाणी टोचावे. नंतर ताट उघडेच ठेवून पारी तासभर सुकू द्यावी. घाईत हा टप्पा गाळला जातो, परंतु सुकलेली पारी भट्टीत आकार धरून ठेवते आणि उसवण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटते. भट्टी 180 अंश सेल्सिअसला आधी तापवून घ्यावी आणि काब 10 ते 12 मिनिटेच भाजावेत. येथे आपल्या सवयीला मुरड घालावी लागते. खरपूस रंग येण्याची वाट पाहू नये. काब पांढरटच राहिला पाहिजे, फक्त खालच्या बाजूला आणि कण्याच्या धारेवर सोनेरी झाक दिसली की ताट बाहेर काढावे. तो बाहेर काढताना मऊ लागतो आणि गार होताना पारी खुसखुशीत होते. दोन मिनिटे अधिक ठेवल्यास सारण कोरडे पडते आणि सगळी मेहनत वाया जाते.

गरम असतानाच वरून ब्रशने झहरचा हलका हात फिरवावा. दुसऱ्या एका पद्धतीत गार काब क्षणभर झहरमध्ये बुडवून पिठीसाखरेत घोळवतात आणि अशा काबांना म्फेनद म्हणतात. दिसायला ते मोहक असतात. परंतु पातळ पारीचे सगळे कसब साखरेखाली दडते, म्हणून मी ते क्वचितच करते. शिवण थोडी बिघडलेल्या काबांसाठी मात्र ही युक्ती फार सोयीची आहे.

वर्का, ब्रिवात आणि म्हन्शा

वर्का म्हणजे पान किंवा कागद. मोरोक्कोत कसबी बायका ओलसर, लवचिक पिठाचा गोळा हातात धरून तापलेल्या गोल पत्र्यावर टपटप टेकवत जातात आणि प्रत्येक स्पर्शाने चिकटलेल्या ठिपक्यांतून एक अखंड पापुद्रा तयार होतो. हे पाहायला सोपे असले तरी सरावाशिवाय जमत नाही. घरी त्याऐवजी पुढील मार्ग चालतो. 150 ग्रॅम मैदा, 300 मिलिलिटर पाणी, चिमूटभर मीठ, एक मोठा चमचा तेल आणि एक लहान चमचा व्हिनेगर एकत्र घोटून, गाळून दोन तास ठेवावे. पाणी उकळत असलेल्या पातेल्यावर न चिकटणारा तवा ठेवावा आणि ब्रशने त्यावर मिश्रणाचा अगदी पातळ थर द्यावा. मिनिटाभरात पापुद्र्याच्या कडा सुटू लागतात. तो अलगद उचलून तेलाचा हात लावलेल्या कापडाखाली ठेवावा. एवढाही खटाटोप नको असेल तर तयार फिलो पापुद्रे घ्यावेत. ते अधिक ठिसूळ असतात, म्हणून दोन थर लोणी लावून एकत्र वापरावेत आणि उरलेले सतत ओलसर कापडाखाली ठेवावेत.

ब्रिवातसाठी पापुद्र्याच्या सहा सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापाव्यात. पट्टीच्या टोकाशी सुपारीएवढे सारण ठेवून कोपरा तिरका दुमडावा आणि तीच त्रिकोणी घडी शेवटपर्यंत घालत न्यावी. शेवटचे टोक मैद्याच्या खळीने चिकटवावे. फक्त ब्रिवातच करायचे असतील, तर बदामांपैकी निम्मे तेलात मंद आचेवर बदामी रंगावर तळून, गार करून मग दळावेत. त्यामुळे सारणाला येणारा खमंगपणा तळणीच्या पदार्थाला शोभतो, काबला शोभत नाही. ब्रिवात मध्यम आचेवर सोनेरी तळून लगेच कोमट मधात टाकावेत आणि दोनतीन मिनिटांनी काढून निथळावेत.

म्हन्शा त्याहून सोपी आहे. नावाचा अर्थ सापासारखी वेटोळे घातलेली असा होतो. सारणाची दोन सेंटिमीटर जाडीची लांब वळी करून ती लोणी लावलेल्या पापुद्र्यांत सैलसर गुंडाळावी आणि ताटाच्या मध्यापासून बाहेर वेटोळे घालत जावे. गुंडाळी घट्ट झाली तर वळवताना पापुद्रा फाटतो. वरून लोणी लावून 180 अंशांवर 25 ते 30 मिनिटे, म्हणजे चांगला सोनेरी रंग येईपर्यंत भाजावी. बाहेर काढताच कोमट मध लावावा आणि गार झाल्यावर पिठीसाखर व दालचिनीच्या रेघा ओढाव्यात.

शेबाकिया

शेबाकियाचे नाव जाळीवरून आले आहे, कारण शेबका म्हणजे जाळे आणि शुब्बाक म्हणजे जाळीची खिडकी. काही भागांत हाच पदार्थ म्खरका किंवा ग्रिवेश या नावांनी ओळखला जातो. रमजानच्या संध्याकाळी उपास सोडताना हरीरा या डाळ, चणे आणि टोमॅटोच्या सुपासोबत तो खातात. आंबट व मसालेदार घोट आणि मधात मुरलेला तुकडा यांची ही जोडी ऐकायला विचित्र वाटली तरी खाताना एकमेकांवाचून अपुरी वाटते. रमजान सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यांत घरोघरी बायका एकत्र बसून किलोकिलोने शेबाकिया करून ठेवतात. घडी घालण्याचे काम वेळखाऊ असल्यामुळे एकट्या व्यक्तीने थोडेच प्रमाण घ्यावे.

75 ग्रॅम न सोललेले तीळ मंद आचेवर, फुटू लागून बोटात चुरडले असता खमंग वास येईपर्यंत भाजावेत आणि गार करून बारीक दळावेत. परातीत 250 ग्रॅम मैदा, हे तिळकूट, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा दालचिनी, अर्धा चमचा बारीक बडीशेपेची पूड आणि थोडेसे चुरडलेले केशर एकत्र करावे. तालियुईन भागातील केशर मोरोक्कोत नावाजलेले आहे आणि त्याचा रंग व वास या पिठात नेमका उतरतो. त्यात 35 ग्रॅम वितळलेले लोणी आणि 30 मिलिलिटर ऑलिव्ह तेल यांचे मोहन चोळावे. नंतर एका अंड्याचा बलक, 30 मिलिलिटर व्हिनेगर, 30 मिलिलिटर झहर आणि 30 मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवलेले चिमूटभर यीस्ट घालून घट्ट पीठ मळावे. यीस्ट येथे फुगवण्यासाठी नसून पदार्थ किंचित हलका व्हावा यासाठी असते. पीठ सैल झाले तर तळताना घडी उलगडते, म्हणून पाणी जपूनच वाढवावे. दहा मिनिटे मळून, चार गोळे करून ते झाकून पंधरा मिनिटे ठेवावेत.

एक गोळा दोन मिलिमीटर जाडीचा लाटून कातण्याने साधारण तळहाताएवढे, म्हणजे सात बाय नऊ सेंटिमीटरचे आयत कापावेत. प्रत्येक आयताच्या आत लांबीच्या दिशेने चार समांतर चिरा द्याव्यात, पण त्या वरच्या व खालच्या कडेपर्यंत नेऊ नयेत. अशा रीतीने पाच पट्ट्या तयार होतात आणि त्या दोन्ही टोकांना जोडलेल्या राहतात. आता उजव्या हाताचे मधले बोट पहिल्या पट्टीखालून, दुसरीवरून, तिसरीखालून, चौथीवरून आणि पाचवीखालून असे घालावे, म्हणजे पहिली, तिसरी व पाचवी पट्टी बोटावर राहते आणि दुसरी व चौथी खाली लोंबते. डाव्या हाताने बोटाच्या वर आलेले दोन्ही बाहेरचे कोपरे एकत्र आणून घट्ट चिमटावेत. ती चिमटी न सोडता सगळा तुकडा हलकेच बोटावरून खाली ओढत काढावा. काढताना मधल्या पट्ट्या आतून बाहेर उलटतात आणि पाकळ्यांचे फूल उमटते. उलट्या टोकाचे कोपरेही दाबून घ्यावेत. लिहिलेले वाचून हे गोंधळाचे वाटेल, म्हणून पिठाला हात लावण्याआधी आयताकृती कागदाला चार चिरा देऊन दोनतीनदा सराव करावा. कागदावर एकदा हात बसला की पिठावर दहा सेकंदांत फूल होते.

तळण्यापूर्वी मध तयार असला पाहिजे. पसरट पातेल्यात 750 ग्रॅम मध आणि दोन मोठे चमचे झहर घालून मंद आचेवर, वर फेस येईपर्यंतच तापवावा आणि आच बंद करावी. मध उकळत राहिला तर तो पाकासारखा घट्ट होतो आणि फुलाच्या आत न शिरता वरच कडक थर धरतो. मध थंड असेल तरी तो आत जात नाही. तो हाताला चांगला गरम लागेल पण चटका बसणार नाही, एवढाच राखावा आणि तळणाच्या घाण्यांमध्ये गरज पडेल तशी आच पुन्हा क्षणभर लावावी.

कढईत तेल मध्यम तापवून, साधारण 160 अंशांवर, एका वेळी पाचसहा फुले सोडावीत. ती प्रथम तळाशी बसतात आणि हळूहळू वर येतात. आच वाढवण्याचा मोह टाळून आठ ते दहा मिनिटे, गडद तांबूस रंग येईपर्यंत सावकाश तळावीत. आत कच्चे राहिलेले शेबाकिया मध पिऊन चिवट होतात, आणि घाईने केलेल्या बहुतेक शेबाकियांचा दोष हाच असतो. झाऱ्याने काढून तेल निथळताच, गार होऊ न देता, ती थेट मधात टाकावीत. दुसरा घाणा तळून होईपर्यंत ती मधात उलटीसुलटी करावीत आणि मग चाळणीत काढावीत. मध पिऊन झालेले फूल जड लागते आणि त्याचा रंग काचेसारखा चमकतो. ओलसर असतानाच वरून भाजलेले तीळ भुरभुरावेत.

टिकवण आणि वाढणी

काब एल गझाल घट्ट झाकणाच्या डब्यात थरांमध्ये कागद घालून आठवडाभर चांगले राहतात. ते न भाजता गोठवले, तर दोन महिन्यांपर्यंत ठेवता येतात आणि थेट फ्रीझरमधून भट्टीत जाऊ शकतात, फक्त दोन मिनिटे अधिक द्यावी लागतात. ब्रिवात दोनतीन दिवसांत संपवावेत, कारण पापुद्रा मध धरून नरम पडतो. शेबाकिया मात्र कोरड्या जागी कित्येक आठवडे टिकतात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा चांगले लागतात.

वाढताना परातीच्या मध्यभागी काब रचावेत आणि मध लावलेले प्रकार वेगळ्या ताटलीत ठेवावेत, नाहीतर कोरड्या पाऱ्यांना मध लागतो. शेबाकिया काढून झाल्यावर पातेल्यात तिळाचे कण आणि पिठाचा चुरा असलेला बराच मध उरतो. तो कोमट असतानाच बारीक गाळणीतून गाळून बाटलीत भरावा. तळणीचा वास आणि तिळाची चव त्यात उतरलेली असल्यामुळे काबला तो कधीच वापरू नये, परंतु पुढच्या खेपेच्या ब्रिवातसाठी किंवा म्हन्शावर लावण्यासाठी तो ताज्या मधापेक्षाही चांगला ठरतो.